तिसऱ्या पायरीवरचा हाजी

प्रिय उस्मान,

तुला जाऊन तेरा वर्षं झाली आणि मी पत्र लिहायला बसलोय ते आज. आळशी म्हणशील. म्हण बाबा! पण आज लिहिलं नाही तर घास घशाखाली उतरणार नाही, म्हणून सकाळचा चहा बाजूला सारून बसलोय.

तुझा हाजी मेला नव्हता रे!

ऐकलंस ना? तुझ्या रंगानं तो मेला नव्हता. तू शेवटपर्यंत आपल्या हातांना दोष देत राहिलास, आणि मी, शाळेत शास्त्र शिकवणारा शहाणा, तुला तसा दोष देऊ दिला.

कसं कळलं ते सांगतो. हसू नकोस. माझ्या नातीनं, चिमीनं, उरुसातून कोंबडीचं पिल्लू आणलं. हल्ली ती रंगवून विकतात. हिरवी, जांभळी, गुलाबी. चिमीचं पिल्लू गुलाबी होतं, अगदी तू रंगवायचास त्या फेट्यांसारखं भडक. महिन्याभरात ते पांढरं व्हायला लागलं आणि चिमीनं भोकाड पसरलं, "आजोबा, रंग धुऊन गेला!"

मी चष्मा चढवून पिल्लू हातात घेतलं. रंग धुऊन गेला नव्हता, उस्मान. गुलाबी लव गळत होती आणि तिच्या खालून नवी कोरी पांढरी पिसं वर येत होती. खुराड्यात बघितलं तर कोपऱ्यात गुलाबी लव साठलेली. मी तसाच उभा राहिलो. सूनबाई म्हणाली, "मामंजी, चक्कर येतीय का?" तिला काय सांगू? मला घाट दिसत होता, आणि घाटावर पाणी उडवणारा तू.

चौथीपर्यंत आपण एका बस्करावर बसलो. मग तुझ्या वडिलांनी तुला रंगाच्या हंड्यांपाशी नेलं आणि माझ्या वडिलांनी मला पाचवीत घातलं. पुढं मी शिक्षक झालो तेव्हा तू मला नावानं हाक मारणंच सोडलंस. मास्तर! तेही हेल काढून, चारचौघांत. किती राग यायचा मला! आता कुणी तशी हाक मारत नाही, तर कान कोरडे पडलेत.

माझी शाळा अकराची. त्याआधी तासभर पंचगंगेच्या घाटावर तुझ्याकडं यायचं, हा माझा नेम. तू रंगवलेले फेटे नदीत खळबळून काढायचास, आणि मग एक टोक तू धरायचं, दुसरं मी. फेटा वाऱ्यावर धरून दोघांनी पुढं-मागं चालायचं, वाळेपर्यंत. एवढ्या लांबीवरून बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागे. आपल्या घरच्या सगळ्या गोष्टी त्या घाटावर किती जणांना ठाऊक झाल्या असतील! वर माझे तळवे गुलाबी. वर्गात फळ्यावर लिहायला हात वर केला की पोरं खुसखुसायची.

तो पक्षी पहिल्यांदा तुलाच दिसला. तिसऱ्या पायरीवर, नावा बांधायच्या लोखंडी कडीपाशी. मूठभर जीव. पाठ मातकट, पोट पांढरंशुभ्र, आणि मागचा भाग सारखा खाली-वर, खाली-वर. एक क्षण स्वस्थ नाही.

"मास्तर, ह्यो बघ," तू ओरडलास. "सारखा झुकतोय. नमाजी हाय!"

मी शाळेच्या कपाटातलं पक्ष्यांचं पुस्तक काढून बघितलं. तुतवार. पाणकाठच्या चिखलात किडे टिपणारा, एकटा राहणारा, आपली जागा धरून बसणारा. पुढं काय लिहिलं होतं ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. दुसऱ्या दिवशी घाटावर येईपर्यंत मला दम नव्हता.

"उस्मान, हा इथला नाही. उन्हाळ्यात हिमालयात जातो, काही तर त्याच्याही पलीकडं."

"कशाला?"

"अंडी घालायला."

"का? हितं दगड कमी हायत व्हय?"

मग मात्र तू त्या पक्ष्याकडं वळलास. फेट्याचं टोक हातात तसंच. म्हणालास, "मुठीत मावंल एवढं हाय, मर्दा. मला जयसिंगपूरच्या बाजाराला जाऊन यायचं म्हटलं तर दोन दिवस पाय दुखत्यात. आणि ह्यो पहाड वलांडून येतोय? रस्ता कोण दावतं?"

मी सांगितलं, की कुणी नाही. मोठे पक्षी आधी निघून जातात. त्या वर्षीची पिल्लं मागून येतात, एकटी. कधी न बघितलेल्या गावाला, कधी न बघितलेल्या वाटेनं.

फेटा तुझ्या हातून सुटला. धुतलेला, अर्धा वाळलेला फेटा घाटाच्या राडीत पडला आणि तू त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस! "आई न्हाय, बाप न्हाय?" तू विचारलंस. "पहिल्याच खेपेला?" आणि वर आभाळाकडं बघत राहिलास. तिथं तर एक घारसुद्धा नव्हती. मग त्या पक्ष्याकडं वळून तू हळूच म्हणालास, "मग ह्यो नुसता नमाजी न्हाय. हाजी हाय की."

त्या दिवसापासून तो हाजी.

दर साली पूर ओसरायचा, पायऱ्यांवरचा गाळ लोक खराट्यानं लोटायचे, गणपती पाण्यात जायचे, आणि एका सकाळी तिसऱ्या पायरीवर ती हालचाल दिसायची. खाली-वर. "पावणं आलं!" तू अशी आरोळी ठोकायचास की धुणं धुणाऱ्या बायका घाबरून रस्त्याकडं बघायच्या. आणि दर साली तो तुझ्या थोडा अधिक जवळ यायचा. पहिल्या हिवाळ्यात आठ-दहा हातांवरून उडून जायचा. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात तुझ्यापासून दोन हातांवर टिपत फिरायला लागला. मी एक पाऊल टाकलं की भुर्र. तुझं काही नाही. तू तिथलीच एक पायरी असल्यासारखा.

एका रविवारी सायकलवर डबलसीट बसवून मी तुला कसबा बावड्याकडं नेलं, आठवतं? वीटभट्टीच्या जुन्या खड्ड्यांत पाणी साठलं होतं. कारखान्याच्या मळीचा वास सगळीकडं. तू नाकाला रुमाल लावून मला शिव्या घालत होतास. काठावर शेकाटे आपल्या लांब तांबड्या पायांवर तोल सांभाळत चालले होते, एक टिटवी आपल्या डोक्यावर फिरून कालवा करत होती. आणि मग पलीकडच्या चिखलातून टिलवे उठले. चिमणीएवढे पक्षी, पण किती! शेकडो असतील. सगळे मिळून एकदम वळले आणि मातकट थवा पांढरा झाला. पुन्हा वळले, पुन्हा मातकट. ना कुणी पुढं, ना कुणी मागं, ना एकाचा दुसऱ्याला धक्का!

तुझा रुमाल केव्हाच खाली आला होता. "कापड उलट-सुलट करावं तसं," तू पुटपुटलास. "पण एवढी टोकं धरलीत कुणी, मास्तर?"

याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. मला अजून सापडलेलं नाही.

आणि मग माझी जीभ वळवळली. परत येताना मी म्हणालो, "उस्मान, तुझा हाजी दर वर्षी तोच असतो कशावरून? असे लाखो असतात. दर वर्षी वेगळाच कुणीतरी येऊन बसत असेल."

काय चिडलास तू! "माझं गिऱ्हाईक मी वळखत न्हाय व्हय? त्योच हाय!"

"पण कशावरून?"

बावड्यापासून घरापर्यंत तू माझ्याकडं पाठ करून बसलास. मला वाटलं, मोठा शास्त्रीय प्रश्न विचारला मी. शहाणपणाचा केवढा तोरा असतो रे माणसाला!

कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या पुढच्याच महिन्यातली गोष्ट. पायरीवर पसरलेल्या फेट्याच्या दशांत हाजीचा पाय गुंतला. मी वरून धावत खाली आलो, तोवर तू गुडघ्यावर बसला होतास. एका हातात तो पक्षी, दुसऱ्या हातानं एकेक दोरा सोडवत होतास. रंगाच्या हंड्या ढवळून ढवळून राकट झालेली तुझी बोटं, पण एक पीस मोडलं नाही. त्याची छाती धडधडत होती. तू मला बोट लावून बघायला सांगितलंस. मी लावलं. एवढ्याशा त्या जिवात हिमालय ओलांडायचं बळ होतं! माझ्या अंगावर काटा आला. अजून येतो.

दोरा सुटला. तू त्याला सोडणार, तेवढ्यात थांबलास. माझ्याकडं बघून हसलास. "आता कळंल तुला, कशावरून ते." आणि ओला गुलाबी फेटा त्याच्या पांढऱ्या पोटाला हळूच टेकवलास, दाबलास, पुन्हा टेकवलास.

मग तू मला विचारलंस. हा प्रश्न मी हजारदा आठवला आहे. "मास्तर, पिसावरचा रंग जातोय का रं? टिकंल न्हवं वरीसभर?"

तू खरंच विचारत होतास. कापडातलं तुला कळायचं, पिसांतलं मला कळायला हवं होतं. आणि मी काय म्हणालो? "माझा रंग पक्का म्हणून गावभर सांगत फिरतोस ना? मग कसा जाईल!"

चेष्टा केली मी. पिसं गळतात, हे मला ठाऊक नव्हतं का? मोराची पिसं वर्गात पोरांना दाखवायचो मी! तुझ्या परसात कोंबड्या होत्या, त्यांची झडलेली पिसं तू रोज झाडून काढायचास. आपल्या दोघांच्याही डोळ्यांपुढं होतं सगळं. पण तुला तुझ्या रंगाचा अभिमान आणि मला माझ्या बोलण्याचा. तो पक्षी मधल्यामध्ये सापडला.

तू हात उघडलास आणि हाजी पाण्यावरून नीट गेला. पाण्यात त्याचं गुलाबी पोट दिसलं. सुंदर दिसलं रे! पुलाकडं एक अर्धा फेरा मारून तो परत कडीपाशी येऊन बसला आणि झुकायला लागला. आपण दोघं लहान पोरांसारखे हसलो.

पुढं माझ्या परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली. शिमग्याच्या सुमाराला महिनाभर मी घाटावर फिरकलो नाही. परत आलो तेव्हा हाजी निघून गेला होता, आणि तू मिटल्यासारखा झाला होतास. मला वाटलं, धंद्याचं काही असेल.

पूर आला, ओसरला. गणपती झाले. आणि एका सकाळी तिसऱ्या पायरीवर, कडीपाशी, तुतवार!

तू धावलास. मी धावलो, तसा तो भुर्र उडाला आणि परत तुझ्यापाशी येऊन बसला. पोट पांढरंशुभ्र.

"ह्यो न्हवं," तू म्हणालास. आरोळी नाही, काही नाही. मग ओंजळ भरून त्याच्या अंगावर पाणी उडवलंस. "चल, ऊठ! ही जागा हाजीची हाय."

तो उडाला. पाण्यावरून पुलाकडं अर्धा फेरा मारून परत तिथंच. तू पुन्हा पाणी उडवलंस. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. आणि मी काय करत होतो? फेट्याचं दुसरं टोक धरून उभा होतो.

"काय झालं असंल त्याचं?" तू विचारलंस.

"लांबचा प्रवास, उस्मान. वाटेत मेला असेल."

सांत्वन म्हणून म्हणालो मी हे! तू मान हलवलीस. "माझ्या रंगानं मेला. ससाण्याला लांबनं दिसला असंल."

मी नाही म्हणालो का? नाही. मला ते पटलंच. पुढं वर्गात मी हे उदाहरणसुद्धा द्यायचो. लाज वाटते.

काल ते पिल्लू हातात असताना मला आठवलं, उस्मान. तो पांढऱ्या पोटाचा पक्षी पहिल्याच दिवशी तुझ्यापासून दोन हातांवर येऊन बसला होता! मी एक पाऊल टाकलं तर उडाला, आणि तुझ्याजवळ परत आला. नवा पक्षी असा बसतो का? दोन हातांवर यायला हाजीला तीन हिवाळे लागले होते. तुला ओळखत होता रे तो! आपणच त्याला ओळखलं नाही.

विचार कर जरा. रंगलेली पिसं त्यानं टाकून दिली, नवी घातली. पहाड ओलांडून गेला, घरटं केलं, पिल्लं वाढवली, आणि एवढ्या मोठ्या मुलखातून पुन्हा कोल्हापूर शोधून काढलं. पंचगंगा काढली. पुरानं गाळात बुडवलेल्या घाटातून तिसरी पायरी काढली. आणि आपण त्याच्या तोंडावर पाणी मारलं! तरी दुसऱ्या दिवशी तो आला. त्याच्या पुढच्या साली आला. तू पाचव्या पायरीवर सरकलास, त्याच्याकडं पाठ करून फेटे खळबळायला लागलास, तरी तो तुझ्या पाठीमागं येऊन झुकत राहिला. एवढ्याशा पाखराचा हा जीव बघून मला काय वाटतं ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत, आणि मी आयुष्यभर शब्दांवरच पोट भरलं.

तू आजारी पडलास तेव्हा शेवटी शेवटी मला जवळ बोलावून म्हणालास, "मास्तर, पाखराला हात लावाय नको हुता." मी तुझा हात धरला होता. नखांच्या कडांत अजून गुलाबी होतं.

म्हणून काल दुपारीच मी तुझ्या घरी गेलो. खैरूनभाभी आता थकल्यात, पण जीभ तशीच खणखणीत. "या, या भावजी! वाट चुकला काय आज?" मी त्यांना सगळं सांगितलं. पिल्लाचं, पिसांचं, हाजीचं. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या आणि फळीवरून तुझा तुरटीचा जुना डबा काढून माझ्यापुढं ठेवला.

डब्यात कागदाची पुडी. पुडीत तीन पिसं. नखाएवढी. गुलाबी.

"शिमग्यात घाटावर सापडली हुती त्यास्नी," भाभी म्हणाल्या. "घरी आणून मला दावली. म्हणलं, बघ खैरून, माझ्या रंगानं पिसं झडाय लागली त्याची, आता काय जगत न्हाय ते. जेवलं न्हाईत त्या दिवशी. लय रडलं."

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडलोच जवळजवळ.

"तुमच्या शब्दाला लागून रंगवला हुता न्हवं त्यांनी? म्हणलं, मास्तरला कळलं तर त्यो सवताला खाईल. त्याला काय सांगू नगस."

उस्मान! ही तीन पिसं माझ्यापुढं टाकली असतीस, तर कदाचित त्याच दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला असता. कदाचित नसताही पडला. पण ससाण्याचं निमित्त पुढं करून तू मला वाचवायला गेलास आणि सगळा भार एकट्यानं वाहिलास. हे मला सांगायला हवं होतंस रे. मी रागावलोय तुझ्यावर. खरंच रागावलोय.

भाभींनी एक पीस तळहातावर घेतलं आणि उंबऱ्यात उन्हात धरलं. "बघा की भावजी," त्या म्हणाल्या, "एवढी वरसं झाली. रंग जरा बी उतरला न्हाय."

मी बघितलं. नव्हता उतरला.

आता तुला एक शब्द देतो. यंदा पूर ओसरला, गणपती झाले, की मी रोज सकाळी तिसऱ्या पायरीपाशी येऊन बसेन. माझे गुडघे कुरकुरतात, पण येईन. भाभी पण येणार म्हणतात. आपला हाजी काही इतकी वर्षं राहिला नसेल, तेवढं मलाही कळतं. पण कडीपाशी जो कुणी झुकताना दिसेल, त्याच्या अंगावर पाण्याचा थेंब उडू देणार नाही. तुझ्यासारखी आरोळी ठोकीन, पावणं आलं! बायका बघू देत रस्त्याकडं.

आणि तो तोच कशावरून, असं या खेपेला विचारणार नाही.

तुझ्या फेट्याचं दुसरं टोक धरणारा,
मास्तर